गेल्या दोन आठवड्यांत

सानिका वजनकाट्यावर उभी राहिली, आणि काटा बिघडलाय असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिला खाली उतरवलं, काटा उचलून पडवीतल्या सपाट फरशीवर ठेवला, शून्य आलेलं पाहिलं आणि तिला पुन्हा उभं केलं. आकडा तोच. मग मी स्वतः उभी राहिले. माझं वजन मला ठाऊक होतं, आणि काट्यानं ते बरोबर दाखवलं. मे महिन्यात बेचाळीस किलो असलेली ही मुलगी सप्टेंबरात चौतीस किलोची झाली होती.

"कमी झालंय ना?" तिनं विचारलं. आवाजात काळजी नव्हती, नुसती चौकशी होती.

"आजारी होतीस का?"

"नाही."

मला तिची फक्त उंची हवी होती. मेमध्ये यात्रेच्या गडबडीत कुरणवाडीतली बरीच मुलं उंची न देताच कुस्त्या बघायला पळाली होती, आणि त्यांची उंची घेऊन यायला मला पाठवलं होतं. उंची घ्यायची तर सोबत वजनही परत घ्यायचं, असा आमचा नियम होता. तो नसता तर मी पट्टी गुंडाळून पुढच्या घरी गेले असते.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी त्या वर्षी मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे, डॉ. काळभोरांकडे, नोकरीला लागले होते. खानापूरच्या घाटमाथ्यावरच्या वाड्यांमधली अकरा ते अठरा वर्षांची मुलं, त्यांच्या मनाचं आरोग्य वर्षागणिक कसं बदलतं ते दहा वर्षं मोजत राहायचं, असं ते काम, माझ्या आधी तीन वर्षं सुरू झालेलं. प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा गाठायचं आणि नऊ प्रश्न विचारायचे. झोप कशी लागते, भूक कशी आहे, कशात मन रमतं का. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात 'गेल्या दोन आठवड्यांत' अशी, आणि उत्तरं चार: कधीच नाही, काही दिवस, बहुतेक दिवस, रोज. दोन आठवडेच का, तर त्याच्या मागचं माणसाला नीट आठवत नाही. आणि दरवर्षी मेच का, तर ऋतू बदलला की माणसाचं मनही बदलतं. एकाच महिन्यात मोजलं की तो फरक मध्ये येत नाही. शिवाय वडिलांची समोरासमोर संमती लागायची, आणि कुरणवाडीचे वडील मेमध्येच सापडायचे.

कारण कुरणवाडी हे गलाईवाल्यांचं गाव. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा हा धंदा. इथली माणसं त्यासाठी दोन-तीन पिढ्या देशभर पसरलेली, कुणी सेलमला, कुणी कटकला, कुणी लुधियान्याला. दिवाळीला सोन्याचा हंगाम असतो, म्हणून दिवाळीला येणं नाही. यायचं ते भैरोबाच्या यात्रेला, मे महिन्यात. तेव्हा वाडीत परराज्यांच्या पाट्यांच्या गाड्या मावत नाहीत.

मला हा आराखडा फार आवडायचा. कॉलेजात शिकलेलं सगळं त्यात जागच्या जागी होतं. आणि त्या आराखड्यानुसार कुरणवाडीची मुलं तालुक्यात सगळ्यांत निरोगी मनाची होती. त्यांतही सानिका विलास देवकर, वय पंधरा, सगळ्यांत वर. मेमध्ये मी तिला विचारलं तेव्हा ती आईच्या शेजारी पायरीवर बसून कैरी खात होती. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच ती 'कधीच नाही' म्हणायची आणि हसायची. तिच्या वडिलांनी मला आग्रहानं जेवायला बसवलं होतं आणि गाडीत बसून कुठलीशी तमिळ गाणी मोठ्यानं लावली होती.

आता तो दुमजली बंगला समोरून बंद होता. वरच्या खोल्यांना कुलपं, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर चादरी. घरात माणसं चार, आणि त्यांचं सगळं मागच्या पडवीत आणि स्वयंपाकघरात चालायचं: सानिका, तिची चुलती रंजनाकाकी आणि काकीच्या दोन लहान मुली. सानिकाचे वडील आणि चुलते सेलमला दुकानात, सानिकाची आई आणि धाकटा भाऊही तिकडेच. सानिकाही बारा वर्षांची होईपर्यंत तिकडेच होती. पण दुकानाच्या वर एकच मोठी खोली, त्यात घरची माणसं आणि चार कारागीर. पोरगी वयात आली, आता इथं कुठं ठेवायची, म्हणून तिला गावी आणून सोडली. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. वाडीतल्या निम्म्या मुलींचं असंच होतं.

काकी म्हशीची धार काढून आली. मला पाहून तिनं आधी पदर सावरला आणि मग काट्याकडे पाहिलं. मी वजनाचा फरक सांगितला. सानिकाला तिनं दुकानातून साखर आणायला पिटाळलं आणि ती फाटकाबाहेर गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. जूनपासून पोरगी जेवत नव्हती. आधी अर्धी भाकरी, मग नुसता भात, आता चहा आणि कधी बिस्कीट. गणपतीपासून शाळेत जात नव्हती. पोट दुखतं म्हणायची. विट्याच्या डॉक्टरनं सगळं तपासून टॉनिक दिलं होतं. रात्री काकीला जाग यायची तेव्हा ही अंथरुणात बसलेली असायची. शेजारणी म्हणत होत्या, कुणाची नजर लागली असंल, तर तेही उतरवून झालं होतं.

"सेलमला कळवलंय?"

काकी चुलीकडे बघत राहिली. "काय कळवू, ताई? जावंनं पोटची पोर माझ्या जिवावर टाकलीय. तिला सांगू व्हय, तुझी लेक माझ्या घरात वाळून गेली म्हणून? ती म्हणंल, स्वतःच्या दोघी गुबगुबीत हायेत आणि माझीच कशी वाळली." तिचा आवाज चढला नाही. "देवाशप्पथ सांगते, मी हिला तूप घालते, माझ्या पोरींना न्हाई घालत."

मला ते खोटं वाटलं नाही. काकीचे स्वतःचे डोळे सुजलेले होते.

साखर घेऊन सानिका आली. काकी चहा ठेवायला उठली. मी उंची घ्यायच्या निमित्तानं सानिकाला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली, आकडा वाचला. मग तिथंच तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. ती थोडा वेळ उभीच राहिली आणि नंतर तीही बसली.

मला एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता, आणि मी सरळ तेच विचारलं. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातही असं होतं का?

"होतं. इतकं नव्हतं."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"थोडं."

"मग तू मेमध्ये मला सगळ्याला 'कधीच नाही' का म्हणालीस?"

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिला माझा प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. "तुम्ही दोन आठवड्यांचंच विचारता ना. तेव्हा मम्मी-पप्पा आलेले असतात."

माझ्या डोळ्यांसमोर आमचा तो आलेख आला. वाडीतल्या सत्तरेक मुलांच्या, सलग चार वर्षांच्या, सरळ आडव्या रेषा. यातली निम्मी मुलं आई-बापांपासून लांब राहत होती, आणि आम्ही त्यांना दरवर्षी नेमक्या अशा महिन्यात गाठत होतो जेव्हा ती लांब नसायची. मुलं खरंच सांगत होती. आम्हीही खरंच लिहीत होतो.

"मी खोटं नाही बोलले," सानिका म्हणाली.

"माहितीय."

"विचारलं तर मी खरंच सांगते. पण मला कुणी विचारत नाही."

"पप्पा फोन करत नाहीत?"

करायचे. रोज संध्याकाळी, दुकानात गिऱ्हाईक कमी झालं की, व्हिडिओवर. त्या वेळी ती केस विंचरून बसायची. ते रोज विचारायचे, जेवतीस का गं. ती म्हणायची, हे काय, जेवतेय. म्हणून ती मुद्दाम त्या वेळी ताट वाढून घ्यायची. एक घास त्यांच्यासमोर खायची. फोन बंद झाला की ताट म्हशीच्या घमेल्यात.

"त्यांना सांगावंसं वाटत नाही?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा ओढत राहिली. "सांगितलं तर पप्पा दुकान टाकून येतील. मला न्यायला जागा नाही तिथं. मग आल्यावर काय करतील? नुसते बसतील." मग ती म्हणाली, "मला विचारलं होतं त्यांनी, राहशील का म्हणून. मीच हो म्हटलं होतं."

मी अंगणात जाऊन डॉ. काळभोरांना फोन लावला. वजन, जेवण, झोप, शाळा, सगळं क्रमानं सांगितलं. आमच्या मोजणीच्या महिन्याबद्दलही सांगितलं, जरा जास्तच वेळ.

"प्रश्न विचारलेस तिला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही सर. वडिलांची संमती मेपुरती होती. आणि सप्टेंबरची नोंद आराखड्यात बसत नाही."

"वडील फोनवर भेटतात ना? मग घे संमती. आराखड्याचं मी बघतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "नववा प्रश्न टाळू नकोस. आणि तिला आज एकटीला झोपू देऊ नका. मी सकाळी येतो."

नववा प्रश्न जगण्याबद्दलचा होता. आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटलं का. मेमध्ये मी तो इतक्या मुलांना विचारला होता की त्याचे शब्द मला ऐकूसुद्धा येईनासे झाले होते.

मी परत पडवीत आले. सानिकाला म्हटलं, "संध्याकाळी पप्पांचा फोन आला की मी त्यांची परवानगी मागणार आहे. त्यांनी दिली तर तेच नऊ प्रश्न तुला विचारणार. हवं तर फोन ठेवल्यावर विचारते, आपण दोघीच. हवं तर ते ऐकत असताना. तू सांगशील तसं."

चुलीपाशी काकीचे हात थांबले. बाहेर काकीच्या मुली शेळीच्या पिलाला कागद खायला घालत होत्या आणि त्यावरून भांडत होत्या.

"ते असताना विचारा," ती म्हणाली. "मी आपणहून नाही सांगणार. पण तुम्ही विचारा."

फोन आला तेव्हा दिवे लागले होते. सानिकानं केस विंचरले होते, पण ताट घेतलं नव्हतं. तिचे वडील, विलासराव, दुकानातच होते. मागं भट्टीच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि एक कारागीर सोनं वितळवायची मूस चिमट्यात धरून इकडून तिकडं जात होता.

मला पाहून त्यांना आनंद झाला. "अरे वा, ताई. ह्या वेळी आमच्या माघारी आलाय होय? काकीनं जेवायला घातलं का न्हाई?" मग त्यांनी तिकडच्या पावसाची तक्रार केली, सोन्याचा भाव सांगितला, आणि मी मध्ये शिरायची वाट बघत राहिले. प्रश्न पुन्हा विचारायचेत, तुमची परवानगी लागते, असं म्हटल्यावर ते हसले.

"विचारा की. शंभर वेळा विचारा. आमची सानिका एक नंबर हाय, तुम्हीच म्हणाला होता."

ते खरं होतं. मी म्हणाले होते.

मी फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवला, तिचं तोंड त्यांना दिसेल असा. तिच्यासमोर बसले आणि पहिला प्रश्न विचारला. गेल्या दोन आठवड्यांत, नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही असं किती वेळा झालं?

"रोज."

विलासराव अजून हसत होते. त्यांना वाटलं असावं, ती चेष्टा करतेय.

उदास, रडू आल्यासारखं? "रोज." झोप न लागणं? "रोज." थकवा? "बहुतेक दिवस." ती खरोखर आठवून सांगत होती. एका ठिकाणी 'रोज' म्हणून मग तिनं दुरुस्त केलं, परवा नव्हतं, परवा बरं होतं, बहुतेक दिवस लिहा. भूक न लागणं. तिथं मात्र ती थांबली आणि फोनकडे पाहून म्हणाली, "पप्पा, मी जेवत नाही. ताट नुसतं घेते."

पलीकडं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. पडद्यावर आता दोन चेहरे होते. आई कुठून तरी येऊन नवऱ्याच्या खांद्यामागे उभी राहिली होती, हात पिठाचे. काकी चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती आणि त्या दोघांना ती दिसत नव्हती.

आठवा प्रश्न झाला. मी नवव्याला थांबले. विलासरावांना म्हटलं, पुढचा प्रश्न जरा अवघड आहे.

आई म्हणाली, "विचारा. थांबू नका."

मी विचारला. या वेळी त्याचे शब्द मला ऐकू आले.

सानिकानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "काही दिवस," ती म्हणाली.

भट्टीचा पंखा घरघरत होता. विलासरावांनी मान वळवली. मागच्या कारागिराला त्यांनी हाक मारली. "बाळू, भट्टी बंद कर."

"सोनं हाय की आत, मालक."

"असू दे. बंद कर."

त्या रात्री मी तिथंच राहिले. सानिका काकीच्या आणि माझ्या मध्ये झोपली. सकाळी डॉ. काळभोर आले, सानिकाशी एकटीशी बराच वेळ बोलले, मग काकीशी. काकीला त्यांनी सांगितलं की तुमच्यामुळं ही आजवर टिकली. ते औषधासारखं लागू पडलं, त्या दिवशी काकी पहिल्यांदा सरळ बसली.

पुढचं सावकाश झालं. औषधं वर्षभर चालली. आई गावीच राहिली, धाकटा भाऊही मागाहून आला. विलासरावांनी सेलमला स्वयंपाकाला माणूस ठेवला. मधल्या एका पावसाळ्यात सानिकाला पुन्हा बिघडल्यासारखं झालं, पण तेव्हा तिनं आपणहून सांगितलं. आता ती कोल्हापुरात नोकरी करते.

आमचा दहा वर्षांचा अभ्यास पुरा झाला. सानिकाच्या त्या प्रसंगानंतरच्या वर्षापासून आम्ही मेसोबत सप्टेंबरातही मोजू लागलो, संमती फोनवर घेऊन. निष्कर्ष मांडायला आम्ही एका परिषदेला गेलो तेव्हा पडद्यावर कुरणवाडीचा आलेख होता. आडव्या चाललेल्या रेषा एका वर्षी एकदम खाली कोसळलेल्या. एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, त्या वर्षी या मुलांच्या आयुष्यात नेमकं काय घडलं, दुष्काळ होता का, साथ होती का. मी म्हटलं, मुलांच्या आयुष्यात नवीन काहीच घडलं नाही. आम्ही विचारायला वेगळ्या दिवशी गेलो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी, डॉक्टर अजून घरात असतानाच, तमिळनाडूच्या पाटीची गाडी वाडीत शिरली. गलाईवाला माणूस सप्टेंबरात गावी येतो तो एकाच कारणानं. गाडी दारात थांबायच्या आत बायका डोक्यावर पदर घेऊन निघाल्या, रानातून पुरुष आले, कुणी कुणी चावडीवरून टोप्या काढून आले. विलासराव आणि त्यांची बायको गाडीतून उतरली तेव्हा अंगणात माणसं उभी होती, आणि कुणी आवाज करत नव्हतं.

एक म्हातारा पुढं झाला. त्यानं विलासरावांचा हात धरला आणि हळू विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

विलासरावांनी त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. सानिका उंबऱ्यात उभी होती आणि तिची आई अंगण ओलांडून तिच्याजवळ पोचली होती.

"कोण न्हाई गेलं, नाना," ते म्हणाले. "म्हणून तर आलोय."